चूक शिवणाऱ्याची

टेलरबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच माल बिघडवला, तोही एका दमात शंभर नग.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेत त्या स्वयंसेवक होत्या आणि स्वतः रुग्णही. मेंदूचा निरोप हातापायांना नेणाऱ्या तंतूंचं अस्तर या आजारात उसवतं, असं त्या आपल्या भाषेत सांगायच्या. अकरा वर्षांपूर्वी पाय ऐकेनासे झाले, तेव्हा त्यांनी शिलाई मशीनला मोटर बसवली, तिचं पायडल टेबलावर घेतलं आणि ते डाव्या कोपराने दाबायला शिकल्या. देवाकडे पाय परत मागितले नाहीत. हात तेवढे राहू देत, एवढंच रोज मशीन सुरू करण्याआधी डोळे मिटून म्हणायच्या.

संस्थेची एक गाडी होती. आठवड्यातून दोनदा ती चौदा जणांना घरून उचलून व्यायामाच्या खोलीत आणायची. ती थांबली तर काय होतं, हे टेलरबाईंना कुणी सांगायला नको होतं. गाडी नव्हती तेव्हाची दोन वर्षं त्यांनी एका खिडकीपाशी बसून काढली होती. म्हणून त्या गाडीच्या खर्चासाठी पिशव्या शिवून विकायच्या. यंदा एका कंपनीने शंभर पिशव्या मागवल्या. पसंत पडल्या तर दरवर्षी घेऊ, असं कबूल केलं. दरवर्षी म्हणजे डिझेलची चिंताच मिटली.

पिशव्या पोचल्या आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या सचिव मॅडमना फोन आला, की पिशवी खांद्यालाच अडकत नाही. टेलरबाईंनी घरी ठेवलेल्या नमुन्याच्या बंदाला मापाचा टेप लावला आणि कपाळावर हात मारून घेतला. आजवर त्यांनी शिवलेली प्रत्येक पिशवी वॉकरच्या नाहीतर चाकाच्या खुर्चीच्या मुठीला लटकायची. तिचे बंद आखूडच लागतात, लांब ठेवले तर चाकात जातात. हाताला तेच माप बसलेलं. लोकांना खांदा असतो, हे त्या साफ विसरल्या होत्या.

दोघी कंपनीत गेल्या. खरेदी विभागाचे साहेब फारच गोड बोलले. इतक्या त्रासात तुम्ही काही करता हेच खूप आहे, पिशव्या पडू देत इथे, पैसे देणगी म्हणून देऊन टाकतो, म्हणाले. पुढच्या वर्षीचं काय, असं टेलरबाईंनी विचारल्यावर ते पंख्याकडे बघत बघू म्हणाले. पिशव्यांचे गठ्ठे कोपऱ्यात पडले होते आणि त्यांवर कुणीतरी हेल्मेट ठेवलं होतं. मॅडमनी टेबलाखालून टेलरबाईंचा हात दाबला. मुकाट्याने घ्या, असा त्याचा अर्थ. पण टेलरबाईंचं डोकं सणकलं होतं.

"साहेब, चूक माझी आहे, आजाराची नाही. दुसऱ्या टेलरने असा माल दिला असता तर काय केलं असतं?"

साहेब चाचरले. "परत पाठवला असता."

"मग पाठवा की. शुक्रवारी नीट करून आणते."

घरी जाऊबाईंनी शंभर पिशव्या आणि चारच दिवस ऐकून हात जोडले. ताई, तुमची ऐट या मशीनपेक्षा जड आहे, म्हणाल्या, आणि नवे लांब बंद कापायला कात्री घेऊन बसल्या. संस्थेतले निवृत्त गणिताचे मास्तर आले. आजाराने त्यांची नजर धूसर झाली होती, पण बोटं शाबूत होती. ते चाचपून चाचपून जुनी शिवण उसवायचे. आयुष्यभर पोरांच्या चुका काढल्या, आता तुमच्या काढतो, असं वर ऐकवायचे.

उकाड्यात हा आजार जास्त छळतो. टेलरबाई मानेभोवती ओला टॉवेल गुंडाळून शिवत होत्या. पाय गार पाण्यात बुडवते म्हणाल्या, तर जाऊबाई म्हणाल्या, मोटर आणि पाणी एकत्र आलं की सगळ्यातूनच सुटाल. तिसऱ्या दिवशी बोटं बधिर झाली. सुई बोटात घुसली ते त्यांना कळलंच नाही, कापड लाल झालं तेव्हा कळलं. एकतीस पिशव्या राहिल्या होत्या.

"फोन करा त्या साहेबांना," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "देणगी म्हणाले होते ना."

टेलरबाई मशीनवर डोकं टेकून बसल्या. देवाशी काय बोलणं झालं, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मग बोटाला पट्टी गुंडाळली, डागाचा बंद कापून टाकला आणि म्हणाल्या, "पायडल तू दाब. मी तळव्यांनी कापड सरकवते. आणि मी थांब म्हटलं की थांबायचं, तुझ्या मनाने पळायचं नाही."

शुक्रवारी त्यांनी साहेबांच्याच खांद्याला पिशवी अडकवली, तीत कपाटातल्या जाडजूड फायली भरायला लावल्या आणि जिना उतरून चढून या म्हणाल्या. अख्खं ऑफिस हसत होतं. साहेब धापा टाकत वर आले. टाका हललेला नव्हता.

"बंद रुततो हो जरा," खांदा चोळत ते म्हणाले. "पुढच्या वर्षी रुंद ठेवा."

ही तक्रार होती, गिऱ्हाइकाने टेलरकडे करावी तशी. टेलरबाईंनी ती वहीत लिहून घेतली.

मॅडमनी सवयीने देणगीच्या पावत्या बाहेर काढल्या. टेलरबाईंनी ते पुस्तक मिटलं आणि आपल्या बंद पडलेल्या दुकानाचं जुनं बिलबुक टेबलावर ठेवलं. पट्टी बांधलेल्या बोटाने, वेडंवाकडं पण ठसठशीत लिहिलं: पिशव्या, शंभर नग. त्याखाली: दुरुस्ती मोफत, चूक शिवणाऱ्याची.