राणीसाठी डॉक्टर

दादा, आम्ही गाव सोडलं त्या दिवशी आमची घोडी राणी टेम्पोत चढेना. फळीवर पुढचे पाय ठेवायची आणि मागं सरायची. शेवटी आपले आबा स्वतः टेम्पोत शिरले, तिच्याशी हलकेच बोलत राहिले, तशी ती चढली. खाली उतरून मला म्हणाले, "सुमे, ती बोलत नाही. तिच्याकडे बघत जा." माझ्याबद्दल काहीच बोलले नाहीत.

दादा, आपल्याकडे जनावरांचा डॉक्टर शोधावा लागत नव्हता. गाय अडली की तू सायकल काढायचास आणि डॉक्टरांना घेऊनच यायचास. इथं टिटवाळ्यात आलो ते ह्यांच्या धंद्यासाठी. कल्याण-डोंबिवलीत वरातीला घोडी लागते, गावात आता कोण विचारतं? बेबीकाकू आमच्या घरमालकीण, इथल्याच आगरी. त्यांनी घरामागचा रिकामा गोठा राणीला दिला. चारी बाजूंनी नव्या बिल्डिंगी, मधे आमची राणी.

ती गाभण राहिली, पुढं पोट दिसायला लागलं तशा वराती बंद केल्या. मग एका सकाळी ती चारा सोडून खुरानं जमीन उकरायला लागली. सारखी मान वळवून पोटाकडे बघायची, मग खाली बसून लोळू लागली. हे नाशिकला गेलेले. मी मोबाईलवर डॉक्टर शोधले. नौपाड्यातल्या क्लिनिकमधली मुलगी विचारते, "ब्रीड कोणती, मॅम?" म्हटलं, "घोडी आहे." "सॉरी, आम्ही डॉग-कॅटच बघतो." कल्याणातही तेच. मला रडू आवरेना.

बेबीकाकू धावत आल्या. "रडतंस कनाला गो? आंबिवलीच्या तबेल्यान म्हशींचा डाक्टर येतो. त्याला घेऊन येते, तू हिच्याजवल बस." रिक्षानं गेल्या आणि खरंच डॉक्टरांना शेजारी बसवून आल्या.

डॉक्टर मूळचे यवतमाळचे. राणीच्या पोटाला नळी लावून ऐकत म्हणाले, "ताई, या कळा नाहीत, लीद अडकून पोट दुखतंय. पण खरं सांगतो. मी रोज म्हशी पाहतो. घोडीला हात लावून वर्षं झाली. आमच्या सरांना विचारून करतो." फोन स्पीकरवर ठेवला. सर सांगत गेले तसं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं. मग तिला चालवत ठेवायचं होतं. मी दमले की काकू दोरी धरायच्या, काकू दमल्या की डॉक्टर. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमननं गेट उघडलं, म्हणाला, "अंदर छाँव है, इधर घुमाओ." दुपार कलता कलता राणीनं लीद टाकली, आणि आम्ही तिघं त्या लिदीकडे बघून हसत सुटलो. डॉक्टर तिथंच पायरीवर बसले आणि त्यांनी चहा मागितला.

अजूनही ते मधूनच डोकावतात. "इकडून चाललेलो," म्हणतात. आमची गल्ली गोठ्यापाशीच संपते, पण काकू लगेच चहा ठेवतात.

शिंगरू झालं तेव्हा आबांना व्हिडिओ कॉल लावला. ते धडपडत उभं राहिलं, आईला लुचायला लागलं. आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"गावाला कधी आणतेस त्याला?"

"दिवाळीत दाखवायला आणीन," मी म्हटलं, आणि बोलल्यावर ते पाहुण्यासारखं 'दाखवायला' माझं मलाच ऐकू आलं. आबांनाही आलं असावं.

"आण," ते म्हणाले. "चार दिवस राहून जा."