पाठवणीची थाळी

बालालायका रशियाची, शाकुहाची जपानची, कोरा पश्चिम आफ्रिकेचा. संध्याकाळी माझ्या नंदुरबारच्या घरी शिष्यवृत्तीची पोरं यायची आणि मी त्यांच्याकडून हे घोकून घ्यायची. वाद्य कोणतं, देश कोणता, तारेचं की फुंकायचं, परीक्षेत तेवढंच विचारतात. देश चुकला की मी भडकायची. माझा स्वभावच तापट, त्याला इलाज नाही. त्या वर्षी बाच्या छातीत पाणी झालं होतं, म्हणून नवापूरकडच्या डोंगरातल्या आमच्या पाड्यावरून त्याला दवाखान्यासाठी मी माझ्याकडे आणलं होतं. तो खाटेवर पडून सगळं ऐकायचा आणि पोरं गेली की विचारायचा,

"त्यांच्यात माणूस मेला की हे वाजवतात का?"

घरात आम्ही कोकणी बोलतो, समुद्राकाठची नव्हे, आमच्या डोंगरातल्या कोकणा आदिवासींची. इथं मी ते मराठीत सांगतेय. कुठलंही वाद्य असो, बाचा प्रश्न हाच. आता पुस्तकात हे कुठून असणार? सुरुवातीला मी वैतागायची. आधीच वर्गातली पोरं डोकं खायची, त्यात घरी हा. मग मोबाइलवर शोधून सांगू लागले. बॅगपाइप वाजवतात म्हटलं, तिकडे स्कॉटलंडात त्याच्या सुरावर माणसाला पोचवतात. हे त्याला पटलं. डिजेरिडू म्हणजे ऑस्ट्रेलियातलं वाळवीनं पोखरलेलं खोड, असं सांगितलं तर म्हणाला, मग आपल्या घराचं आढं तयारच आहे, कोणीतरी फुंकायला या. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. त्या दिवसांतलं त्याचं एवढंच हसणं मला आठवतं.

बा थाळी वाजवायचा. काशाची साधी थाळी, तिच्या मधोमध मेणानं उभी चिकटवलेली बोरूची लांब काडी. चिमटीत काडी धरून बोटं वरून खाली ओढत आणायची, की थाळी गुणगुणायला लागते. कोणत्याही पुस्तकात मला ती सापडली नाही. आमच्या डोंगरात माणूस गेला की त्याच्या कार्याच्या दिवशी ही थाळी लावतात. तिची गुणगुण मेलेल्याला अंगणात बोलावते. मग थाळीवाला त्याचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव घेतो आणि ओहळ, टेकडी, झाडं सांगत सांगत त्याला वाडवडलांपर्यंत पोचवतो. गुणगुण बोलावते आणि शब्द पाठवतात, असं बा सांगायचा.

पण थाळीवाला आपल्या घरचं मरण वाजवत नाही. त्यासाठी दुसऱ्या गावच्या थाळीवाल्याशी जोडी असते. तू माझ्या घरचं वाजवायचं, मी तुझ्या घरचं. आई गेली तेव्हा बाचा जोडीदार डोंगर उतरून आला होता, आणि वाजवून झाल्यावर दोघं बांधावर विडी ओढत बसले होते. पुढे जोडीदार आधी गेला. त्याचं कार्य बानंच वाजवलं. घरी आल्यावर थाळी खुंटीला लावली, जेवला नाही, आणि म्हणाला, "माझं कोण वाजवणार?"

नंदुरबारला आल्यावरही त्याच्या जिवाला हाच घोर होता. मरणाला तो भ्याला नाही. न पाठवता राहून जाण्याला भ्याला. मी फोन लावायचा सपाटा लावला. सीमेपलीकडे गुजरातच्या डांगात एक थाळीवाला होता, तो प्रार्थनेत गेला होता, म्हणजे ख्रिस्ती झाला होता. त्यानं थाळी सोडली होती, आणि तसं त्यानं सरळ, नम्रपणे सांगितलं. दुसऱ्याच्या हाताला लकवा मारला होता. आणखी कोणी ठाऊक नव्हतं. भाऊ नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर कामाला, त्याचा गळा म्हणजे फुटका पत्रा. आणि मी पोरगी. लहानपणी थाळी मागितली तेव्हा बा म्हणाला होता, पोरींनी हिला हात लावायचा नसतो. मी पाय आपटले होते. तरी तो घरी नसला की काढून वाजवायची. गुणगुण मला यायची. शब्द मात्र तो घरात कधी म्हणायचाच नाही, घरात ते म्हटले की कुणीतरी जातं म्हणून.

बा थंडीत गेला. शेवटच्या दिवशी मी त्याला सांगितलं, माणूस मिळालाय, येतोय. खोटं होतं ते. दुसरं काय सांगणार होते मी?

कार्याच्या दिवशी उन्हं कलताना पाड्यावरच्या घराचं अंगण भरलं. थाळी मधे ठेवलेली, तिच्यामागची जागा रिकामी. तेव्हा भावाला आठवलं की जोडीदाराच्या कार्यात त्यानं बाचं वाजवणं मोबाइलमध्ये घेतलं होतं. त्यानं शेजारचा स्पीकर आणून जोडला. बाचा आवाज अंगणात घुमला आणि मला रडू फुटलं. इतका धडधाकट आवाज, खोकल्याचा मागमूस नाही. बायाही रडू लागल्या. भाऊ मान खाली घालून बसला. त्याला वाटलं, काम झालं.

पण शब्द पुढे सरकले आणि नाव आलं ते जोडीदाराचं. त्याच्या बापाचं, आज्याचं, त्याच्या गावच्या ओहळाचं. जोडीदाराची बायको तिथंच बसली होती. तिनं पदर तोंडात कोंबला. बाची बहीण, म्हणजे आमची फुई, काठी टेकत उठली.

"बंद कर ते. एकदा पाठवलेल्या माणसाला परत कशाला बोलावतोस?"

भावाच्या हातातून मोबाइल पडला, वायर निसटली आणि आवाज तुटला. कोणी हलेना. मला भयंकर राग आला. कोणाचा, ते आजही सांगता येणार नाही. मी उठले, थाळीमागे जाऊन बसले आणि चिमटीत काडी धरली. कोणी अडवेल असं वाटलं होतं. कोणी अडवलं नाही. बोटं खाली ओढली आणि थाळी गुणगुणली, अगदी बाची गुणगुणायची तशी.

फुई माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे माझ्या डोक्यावरून पलीकडे, दाराकडे लागले होते.

"आला गं," ती हळूच म्हणाली. "माझा भाऊ आला. आता त्याला वाट सांग."

मी बाचं नाव घेतलं. आज्याचं घेतलं. त्याच्या पुढचं नाव मला ठाऊक नव्हतं. कोणता ओहळ आधी, कोणती टेकडी नंतर, काही ठाऊक नव्हतं. जगातल्या कुठल्या देशात माणसाला काय वाजवून पोचवतात ते मी सांगू शकले असते. मी नुसती काडी ओढत राहिले. थांबवायचा धीर होईना आणि चालू ठेवून उपयोग नव्हता. शेवटी भावानं माझा हात धरून बाजूला केला.

फुई अजून रोज सकाळी अंगणात दाराशी पाण्याचा लोटा भरून ठेवते. तो इथंच उभा आहे, तहान लागत असेल, म्हणते. सुटीत मी पाड्यावर गेले की तो लोटा मी भरते.