सोलकर बाई आणि पाच मुद्दे

सोलकर बाईंविरुद्धची निनावी तक्रार मी लिहिली, आणि ती दहा गुणांच्या उत्तरासारखी लिहिली. प्रस्तावना, पाच मुद्दे, समारोप. शेवटचा परिच्छेद 'सारांश,' या शब्दाने सुरू. खाली सही, 'एक जागरूक पालक'. रत्नागिरीत बारावीची जी मुलं माझ्या हाताखालून गेली, त्यांतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हा पालक कोण ते त्याने सांगितलं असतं. हे मला सुचलं ते पाकीट टपालपेटीत पडल्यावर. ते परत निघतं का बघायला मी फटीत दोन बोटं घातली. बोटं अडकली. ती सोडवायला आलेले गृहस्थ आमचे प्राचार्य असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ते केळीवाले निघाले, आणि गोष्ट पुढे गेली.

झुबेदा सोलकर मूळच्या पूर्णगडच्या. वडील बोटीवर, दोन भाऊ कुवेतला, आणि या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मराठीला. ठेंगण्या, डोक्यावरून पदर, नाकावर घसरलेला चष्मा. चालायच्या अशा, की कुणीतरी वाट अडवलेली आहे आणि ती मोकळी करायला या निघाल्या आहेत. वर्गात शिरल्या की हजेरी घ्यायच्या नाहीत. आधी मुलांकडे बघायच्या आणि विचारायच्या, "काल घरी कोण हसलं?"

हा प्रश्न कुठून आला ते सांगतो. बारावीला एक जुनं विनोदी नाटक होतं, तीन अंकी. एक निवृत्त मामलेदार बहिरेपणाचं सोंग घेतो, म्हणजे आपल्यामागे घरात कोण काय बोलतं ते समोर बसून ऐकता येतं. भाचीच्या ते लक्षात येतं, आणि ती त्याच्या तोंडावर मनात येईल ते बोलू लागते. तिसरा एक मेहुणा असतो, तो पडद्याआड उभा राहून सगळ्यांचं ऐकतो आणि इकडचं तिकडे करतो. पुढे जो गोंधळ होतो तो होतो. पण शंभरएक वर्षांपूर्वीची ती भाषा. आमच्या मुलांना मामलेदार म्हणजे काय इथपासून सुरुवात.

मी हे नाटक 'अ' तुकडीला शिकवायचो. म्हणजे लिहून द्यायचो. 'विनोदाचे प्रकार तीन. एक, शब्दनिष्ठ. दोन, प्रसंगनिष्ठ. तीन, स्वभावनिष्ठ.' साठ मुलं माना खाली घालून विनोद उतरवून घ्यायची. मर्तिकाच्या घरी यापेक्षा जास्त हसू असतं. 'ब' तुकडी बाईंची, तरी परीक्षेपुरत्या माझ्या नोट्स तिकडेही फिरायच्या. दोन वर्गांच्या मध्ये प्लायवूडची भिंत, आणि त्या भिंतीतून रोज हसणं यायचं. एकदा मी 'स्वभावनिष्ठ' लिहून देत असताना पलीकडे कुणीतरी असं काही बोललं, की माझा अख्खा वर्ग हसला. मी विचारलं, "काय झालं?" पुढच्या बाकावरचा म्हणाला, "सर, आमचं नाही, तिकडचं."

तिकडे चालायचे बाईंचे प्रकल्प. पहिला असा, की नाटकातला एक प्रवेश घरातल्या एका माणसाला वाचून दाखवायचा आणि तो माणूस नेमका कुठे हसला ते वहीत लिहून आणायचं. मिरकरवाड्याच्या एका मुलाने आपल्या आईला मासळीबाजारात, पाटीशेजारी बसून वाचून दाखवलं, ती हसली आणि शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस गो? आमच्या सासऱ्याचीच गोष्ट." रिझवान नावाच्या एका मुलाचे वडील कुवेतला. त्याने फोनवर वाचून, रेकॉर्ड करून पाठवलं. उत्तरादाखल त्यांच्याकडून रेकॉर्ड केलेला नुसता हसण्याचा आवाज आला, दोन मिनिटांचा. बाईंनी तो सगळ्या वर्गाला ऐकवला. एका मुलीने मात्र लिहिलं होतं, 'आई हसली नाही. बाबा समोर बसले होते.' बाईंनी ते मोठ्याने वाचलं नाही. त्याखाली लाल शाईने लिहिलं, 'सर्वांत चांगलं निरीक्षण. बाबा बाहेर गेल्यावर पुन्हा वाच.'

दुसरा प्रकल्प, भाचीचं भांडण आपापल्या घरच्या बोलीत लिहायचं. हा माझ्या वर्मावर बसला. मी संगमेश्वरकडच्या खेड्यातला. कॉलेजात शिकायला आलो तेव्हा माझ्या बोलण्याला मुलं हसली, तेव्हापासून मी ते असं घासलं की आता पुण्याची माणसं मला पुण्याचा समजतात. आईचा फोन आला की मी पॅसेजमध्ये जायचो. बाईंनी ते हेरलं होतं. एकदा भर स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "काय ओ मांडवकर, आवशीशी बोलायला बाहेर कशाला जाता? ती काय उधारीवर आणलीत?" सगळे हसले. मीही हसलो, आणि ते मनात ठेवलं.

तिसरा प्रकल्प गाऱ्हाण्याचा. आपल्याकडे शुभकार्याआधी ग्रामदेवतेला घालतात तसं मामलेदाराच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं. मानसी गुरव नावाची एक काटकुळी मुलगी फळ्यासमोर उभी राहून खणखणीत आवाजात म्हणायची, "बा देवा म्हाराजा!" वर्ग ओरडायचा, "व्हय म्हाराजा!" "ह्या मामलेदारान आज बहिऱ्याचा सोंग घेतलान हाय म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "घरातल्या बायामाणसांचा ह्यान कदी ऐकलान नाय, तर ह्याचे कान उघड आन् तोंड मिट रे म्हाराजा!" त्या 'व्हय म्हाराजा'ने माझ्या वर्गातला पंखा हलायचा.

तर मी तक्रार लिहिली. मुद्दा एक, अभ्यासक्रम मागे पडतो. दोन, प्रमाण भाषेची हानी. तीन, गाऱ्हाण्यासारख्या श्रद्धेच्या विषयाची वर्गात थट्टा. चार, गोंगाट. पाच, परीक्षेतील गुणांवर परिणाम. चार आणि पाच पोटदुखीचे होते, ते हसून सांगता येतात. तिसरा लिहिताना तो सोलकर या आडनावाशेजारी कसा वाचला जाईल हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी हात थांबला नाही. हे सांगताना मला विनोद सुचत नाही.

प्राचार्यांनी बाईंकडे लेखी खुलासा मागितला. संस्थेच्या कार्यवाहांचं म्हणणं पडलं की बारावीची ती तुकडी बाईंकडून काढून मांडवकरांना द्यावी. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. दुसरं कुणी असतं तर चार ओळी खरडून मोकळं झालं असतं. बाई प्राचार्यांच्या खोलीत उभ्यानेच म्हणाल्या, "लिहून देणार नाय. खुलासा वर्गात देईन. कार्यवाहांना घेऊन या."

"बाई, जरा सबुरीने घ्या," प्राचार्य म्हणाले.

"सबुरीनेच घेतेय. नायतर आजच बोलावलं असतं."

पाहणी ठरली. कार्यवाह, प्राचार्य, आणि विषयाचा जाणकार म्हणून तिसरा कोण? मी. नाही म्हणायला कारण सुचेना; जे खरं होतं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. आम्ही तिघे 'ब' तुकडीत शेवटच्या बाकावर बसलो. बाक इतका अरुंद होता की कार्यवाहांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

बाईंनी मुलांना एकेक कागद वाटला. आम्हालाही दिला. माझीच तक्रार, झेरॉक्स काढलेली.

"आजचा प्रकल्प," बाई म्हणाल्या. "हे पत्र माझ्याविरुद्ध आलंय. कुणी लिहिलं ते शोधायचं नाय, तो आपला विषय नाय. आपल्या नाटकातल्या कोणत्या पात्राने हे लिहिलं असतं ते सांगायचं. पुराव्यासकट."

त्यांनी पाचही मुद्दे वाचले. बाजारातली यादी वाचावी तशा आवाजात. तिसऱ्याला चष्मा वर सरकवला. "हा मुद्दा गाऱ्हाण्याचा नाय, आडनावाचा आहे. पण आडनाव अभ्यासक्रमात नाय, म्हणून सोडून देऊ." आणि चौथ्यावर गेल्या.

"बाई, मामलेदार," रिझवान म्हणाला. "त्याला पण दुसऱ्याचं हसणं सहन होत नाही."

"नाही हां," मानसी उभी राहिली. "मामलेदार सोंग करतो पण समोर बसून करतो. हे पडद्यामागून लिहिलंय. हा मेहुणा."

"पुरावा?"

"नाव नाही खाली. आणि मेहुण्यासारखंच, स्वतःला काय दुखतंय ते कुठेच नाही. सगळं दुसऱ्यांच्या भल्यासाठी."

वर्गाने बाक वाजवले. मी घाम पुसला. तेवढ्यात मधल्या रांगेतला एकजण, तो माझ्याकडे शिकवणीला यायचा, शांतपणे म्हणाला, "पण बाई, मेहुणा शेवटी 'सारांश' लिहिणार नाही."

कागदांची सळसळ झाली. मग ती थांबली. मग एकेक करून सगळी डोकी मागे वळली. बाई तेवढ्या वळल्या नाहीत. त्या फळ्याकडे तोंड करून उगाच फळा पुसत होत्या. फळा कोरा होता.

कार्यवाह माझे विद्यार्थी नव्हते, त्यामुळे त्यांना काही कळलं नाही. ते उठले आणि म्हणाले, "ठीक आहे, मुलं बोलतात, चांगलं आहे. पण बाई, ते गाऱ्हाणं बंद करा. उगाच कशाला? बाकी काय ते शिकवा, तुकडी तुमच्याकडे राहील."

तडजोड सोपी होती. मी बाईंच्या जागी असतो तर त्यांना वाकून नमस्कार केला असता. बाईंनी हजेरीपट उचलला, चालत शेवटच्या बाकापाशी आल्या आणि तो कार्यवाहांपुढे ठेवला.

"मग तुकडी घ्या. मी अकरावीला व्याकरण शिकवीन, काय बिघडत नाय. पण कोणी काय म्हणेल म्हणून अर्धं नाटक शिकवायचं, ते माझ्याकडून व्हायचं नाय. हसायला ज्याची परवानगी लागते, तो विनोद नव्हे, तो रजेचा अर्ज."

"बाई, असं तोडून कसं चालेल?"

"तुम्ही तोडलंत. मी नुसते तुकडे परत देतेय."

मानसी पुन्हा उभी राहिली. "सर, ते गाऱ्हाणं माझ्या बाबांनी रचलंय. आमच्याकडे देवळाची पूजा आहे. बाई आधी आमच्या घरी येऊन विचारून गेल्या. बाबा म्हणाले, देव काय रडकाच पाहिजे काय? आणि स्वतःच सांगायला बसले."

कार्यवाह गडबडले. "ते असेल गो. पण तक्रार फायलीला आहे. लिहिणाऱ्याने मागे घेतली तर गोष्ट निराळी. आता निनावी माणसाला मी कुठे शोधू?"

साठ मुलं माझ्याकडे बघत होती. मी उभा राहिलो. याला धैर्य म्हणू नये. जिथे सगळ्यांना माहीत असतं तिथे कबुली म्हणजे हजेरी देण्यासारखंच. पण तीही मला धड देता आली नाही. सवयीने तोंडातून निघालं, "सर, या तक्रारीमागे प्रामुख्याने तीन कारणं..."

"मांडवकर," बाई म्हणाल्या, "मुद्दे नकोत."

मग मी मुद्द्यांशिवाय बोललो. काय बोललो ते नीटसं आठवत नाही. एवढं आठवतं की मध्येच माझी जीभ घसरली आणि मी गावच्या बोलीत बोलू लागलो. "माजा जळत होता, म्हणून मी लिवलंव. बाईंचा काय चुकलेला नाय." कोणी हसलं नाही. भर वर्गात मी ती भाषा बोलतोय हे मला माझं मीच ऐकून कळलं. कार्यवाहांनी तिथेच माझ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या. हजेरीपट बाकावर पडला होता, तो बाईंनी उचलला आणि पहिल्यांदाच त्या तासाला हजेरी घेतली. सगळी नावं झाल्यावर म्हणाल्या, "मांडवकर?" मी म्हटलं, "हजर."

बाईंनी मला माफ केलं का? तसं त्या कधी म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. स्टाफरूममध्ये माझ्यापुढे चहाचा कप सरकवायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "हे आमचे जागरूक पालक." दोन वर्षं मी ते ऐकलं. गाऱ्हाणं दोन्ही वर्षं झालं, आणि दुसऱ्या वर्षी प्लायवूडच्या अलीकडून माझा वर्गही 'व्हय म्हाराजा' ओरडला. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मीही ओरडलो.

यंदा त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाचं निघालं तेव्हा म्हणाल्या, "शाल माझ्याकडे आहे, नारळ पूर्णगडला झाडावर आहेत. भाषणं नकोत, त्यात सगळे खोटं बोलतात. मला नाटक पाहिजे. तिन्ही अंक. मास्तर आणि मुलं मिळून करा."

हॉलमध्ये भूमिका ठरवायला जमलो. मामलेदार बाईंच्या हट्टाने रिझवानच्या वडिलांना मिळाला, ते सुट्टीवर आलेले होते. मानसी आता पदवीला असते, ती भाचीसाठी खास आली. मेहुणा कोण म्हटल्यावर मी हात वर केला. मनात होतं, जे केलं त्याची एवढी तरी भरपाई व्हावी. आणि म्हटलंही, की हे काम मी करतो, मला त्याचा अनुभव आहे. लोक हसले. मला वाटलं, जमलं.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"नाय ओ मांडवकर. तो मेहुणा हुशार आहे, तिसऱ्या अंकापर्यंत कोणाला सापडत नाय. तुम्ही पडदा ओढा."