जुना फॅनबेल्ट

उल्हासनगरचा तो मेकॅनिक कुठलाही जुना पार्ट आधी नाकाशी धरून हुंगायचा. मी सातवीत शाळा सोडलेला ड्रायव्हर. मला ते सोंग वाटायचं. त्या दुपारी शेठच्या आईला दम लागलेला. तिला बदलापूरच्या दवाखान्यात नेताना त्या मेकॅनिकच्या दुकानाजवळच व्हॅनचा फॅनबेल्ट तुटला. माझं गाव तिकडे नांदेडकडे, इथे आपलं कोणी नाही.

त्यानं खोक्यातले दोन बेल्ट हुंगून टाकून दिले, तिसरा बसवला.

"ज्या गाडीचा हा, ती मेली, पण बेल्टमध्ये जान आहे. जा भाऊ, पलटून बघू नको!"

मी आरशात बघितलंच. अंबरनाथ मागे पडलं तरी त्याची स्कूटर पाठीशी होती, हँडलला आणखी एक बेल्ट अडकवलेला. दवाखान्याच्या फाटकाशी म्हातारीला उतरवून मी वळलो, तोवर तो निघून गेला होता.