दारावरचा चुना

मार्थाआत्या मंगळवारी गेली. नांदेडला फोन आला तेव्हा मी शेंगा सोलत होते. दुपारच्या एसटीने निलंग्याला निघाले. बुधवारी तिला पुरलं.

दफनाच्या वेळी पाळक बोलले. तरुण आहेत, मनाने चांगले आहेत. त्यांना जे सांगण्यात आलं होतं तेच ते बोलले. निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने, निजामाच्या बाजूने गावं लुटणाऱ्या टोळ्यांची दहशत, आणि आमच्या गल्लीत दारोदार चुन्याने काढलेले क्रूस... "आणि मृत्यू ही गल्ली ओलांडून गेला. आपल्या मार्थाबाईंनी तो चमत्कार डोळ्यांनी पाहिला." लोक आमेन म्हणाले. आत्या पेटीतून उठून बसेल आणि विचारील, "कोन सांगितलं हे तुमाला?" असं वाटलं. ती उठणार नव्हती, म्हणून काही महिने गेल्यावर, सावकाश, मीच लिहायला बसले आहे.

वडील नांदेडला कामाला होते, आई नव्हती; म्हणून मी आत्याजवळ वाढले. निलंग्याच्या पुढे, एका गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती गल्ली. आत्या बायबलबाई होती. मिशनने तिला ठेवलं होतं ते गावोगाव फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवायला. तरुण विधवा, तोंडाने फटकळ. गल्लीत एकच घर ख्रिस्ती नव्हतं, दोर वळणाऱ्या विठ्ठलचं. त्याचे दोन्ही भाऊ बाप्तिस्मा घेऊन आमच्यात आले होते. "माझा खंडोबा मला पुरं हाय," म्हणून तो राहिला होता. त्याचा मुलगा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. टोळीलाही.

त्या दिवसांत आजूबाजूची गावं जळत होती. मग कुणीतरी खबर आणली की क्रूस असलेल्या दाराला टोळीवाले हात लावत नाहीत. आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच शांतवनकाका. त्यांनी रविवारी वल्हांडणाचा धडा वाचला. मिसरात गुलाम असलेल्या इस्राएली लोकांनी दारांना कोकराचं रक्त लावलं आणि नाश करणारा ती घरं ओलांडून गेला. दुसऱ्या दिवशी गल्लीत चुना भिजला. आत्या फिरतीवर होती. तिच्याही दारावर क्रूस काढला गेला.

ती परतली आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबली. मी तिचं बोट धरायला धावले, पण ती दारांकडे बघत होती. पांढऱ्याशुभ्र क्रूसांच्या रांगेत एकच दार कोरं. लांबूनही दुसरं काही दिसत नव्हतं.

"काका, ह्याला खूण न्हाई म्हनत. ह्याला बोट दाखिवनं म्हनतेत."

"शास्त्रात हाय, मार्था. वल्हांडण."

"वल्हांडणाला कोकरू मारलं हुतं. हितं कोकरू कोन हाय?"

काका म्हणाले, "पोराबाळांचा इचार कर."

ती चुन्याचं भांडं घेऊन विठ्ठलकडे गेली. काका मागून ओरडले, "बाप्तिस्म्याबिगर क्रूस? उद्या समदं गाव मागंल!" विठ्ठलने दोर वळता वळता हात आडवा केला. "नगं बाई. तुमचा देव मोजायला बसला की म्हनंल, ह्यो कोन नवा गडी?" आणि हसला.

मग आत्याने ओलं फडकं घेतलं आणि स्वतःच्या दारावरचा क्रूस पुसला. घरोघर जाऊन सांगितलं, पुसा, समदी दारं सारखी दिसू द्या. ‘हाव, हाव’ असा होकार दिला, पण क्रूस तसेच ठेवून लोकांनी कड्या लावल्या. मला तिने शेजारच्या गावी ओळखीच्यांकडे धाडलं.

टोळीवाले दिवसाढवळ्या आले. विठ्ठलला घराबाहेर ओढलं. आत्या मध्ये पडली. तिच्या हातावर काठी बसली, तो हात पुढे कधी सरळ झाला नाही. विठ्ठलचं आणि आत्याचं, दोन्ही घरं जळाली. त्या माराने विठ्ठल त्याच आठवड्यात वारला. क्रूसांच्या मागून सगळी गल्ली फटीतून बघत होती. त्याचे सख्खे भाऊही.

आणि रविवारी उपकारस्तुती ठेवली! देवाने राखलं म्हणून. मी परत आले होते. खिडकीतून जळक्या गवताचा वास येत होता आणि माणसं गळा मोकळा सोडून गात होती. आत्या झोळीत हात अडकवून आली, भिंतीला टेकून बसली, आणि गाणं संपायच्या आत बाहेर जाऊन ओकली. परत आत आली. हेच मला कितीतरी वर्षं उलगडलं नाही. ती परत आत का आली?

पुढे पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि वाटलं आता सुटलो. तर गावात दुसरी लूट सुरू झाली. या खेपेला मुसलमानांची घरं. बांगड्या भरणाऱ्या रहीमबीचा नवरा पळाला होता, ती लेकरांसह कोंडून बसली होती. आमच्या गल्लीत पुन्हा चुना भिजू लागला. आत्याने ते भांडं उचलून उकिरड्यावर पालथं केलं आणि रहीमबीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. तिचा हात विठ्ठलसाठी मध्ये पडताना वाकडा झाला, हे गावाला माहीत होतं. लुटायला आलेले शिव्या देऊन गेले. एकजण म्हणाला, "बाई, तुझा एक हात गेला, तरी अक्कल न्हाई आली?" ती म्हणाली, "दुसरा हाय की आजून."

मोठी झाल्यावर, शिकून नांदेडला शिक्षिका झाल्यावर, मी तिला एकदा विचारलं. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या विधीला द्राक्षरसाचा एकच प्याला फिरतो. शांतवनकाका जिवंत होते तोवर ते आधी पीत, मग तो बायकांकडे येई. आत्याने एकही प्रभुभोजन चुकवलं नाही. मी तर मंडळीत जाणंच सोडलं होतं.

"तुला शिसारी येत नाही?"

"येती की. दर टायमाला येती."

"मग?"

"तू ल्हान हुतीस, तुझं हागलेलं काढताना बी यायची. म्हनून काय तुला टाकून दिली?" मग म्हणाली, "ह्या मानसांत काय चांगलं हाय म्हनून मी आशा धरत न्हाई, बाळा. तसं बघितलं तर कवाच संपली असती. ज्यानं मला हितं ठिवलं, त्यानं काम बी हितंच ठिवलंय. भ्या वाटो का वकारी येवो... उद्या उठून कुठं जायचं, ते ठावं हाय. बास."

मला ते तेव्हा पटलं नाही. पुरतं आजही पटत नाही.

दफनानंतरच्या रविवारी मी गावातच थांबले. उपासनेआधी पाळकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंडळीसमोर सांगाल?" मी सांगितलं. कुणी आमेन म्हणालं नाही. एक म्हातारा उठून बाहेर गेला. शांतवनकाकांची नात माझ्या शेजारी बसली होती, तिची मान खाली गेली. मग प्याला फिरला. माझ्या आधी तिने ओठ लावले. तिचा काय दोष, हे कळत होतं. तरी शिसारी आलीच. मी प्याले.

गल्लीत विठ्ठलच्या घराची जागा अजून मोकळी आहे. मंडळी आहे. शिसारीही आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाला, मी एसटीने तिकडे जाते.