भावजींचा अभ्यास

दुष्काळाच्या सालात माझा दीर सांगलीच्या कालेजातनं घरी आला. परदेशातल्या गाण्यांचा इतिहास शिकत हुता म्हणं. "कापसाच्या रानात राबणारी काळी माणसं गायची, त्यातनंच गोऱ्यांची समदी गाणी निघाली," असं मला सांगायचा. लय दीडशहाणा.

खडी फोडायला जायच्या आधी मला दळण उरकायचं आसायचं. पहाटं जात्यावर ओवी धरली, तर ह्यो आतनं वराडला, "वैनी, गाणं बंद करा. वाचाय येत न्हाई."

"आवं भावजी, गाण्याबिगर हात चालत न्हाई."

"मग दळू नका."

मी जातं सोडलं. हुतं त्या पिठात दोन पोरांपुरत्या भाकरी झाल्या. त्याच्याफुडं तांब्याभर पाणी ठिवलं आन कामावर गेले.