सुनंदाचा उजवा हात

हे मी कोणापाशीच बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापाशीसुद्धा नाही — देवापुढे तर मी डोळे मिटून भलतंच काही मागत बसते. तुम्हाला सांगते. मधे थांबवू नका, नाहीतर माझी हिंमत जाईल.

सुनंदा माझी भावजय, धाकट्या भावाची बायको, आमच्या गल्लीतच राहते. माहेर हिवरखेडचं. माझ्या पोरीचं लग्न आमच्याकडे अकोल्याला होतं, सकाळी हळद, संध्याकाळी लग्न. आमच्यात नवरीला मामा-मामी मांडवात आणतात. मामी म्हणजे सुनंदा. हसत-खिदळत पोरीला हळद फासत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "उचला ना ताई, माहे हात भरले."

मी उचलला. तिचा भाऊ होता. "सुनंदा, बाबाले लई जास्त आहे. लवकर ये वं, तुलेच हाका मारून राहिले."

नीट ऐकलं मी. आणि हूं की चूं न करता फोन कापला, बंद करून कपाटात टाकला. तिला म्हटलं, नुसती खरखर, रेंज नाही. का केलं असं? मामी गेली की मामा जाणार, मग मांडवात नवरी कोण आणणार, लोक काय म्हणतील — हेच डोक्यात. तिकडे एक माणूस मरतोय, हे नव्हतं का डोक्यात? होतं. तेही होतं.

तिच्या नवऱ्याला फोन आले, पण बँडच्या आवाजात कोणाला ऐकू येणार? पोरगी सासरी निघाली तेव्हा कळलं. बाबा दुपारीच गेले होते. लेकीची वाट पाहून पाहून दिवस बुडायच्या आत नेलं त्यांना. सुनंदाला शेवटचं तोंडही दिसलं नाही.

तेरवी करून ती परतली आणि कणीक मळता मळता तिचा उजवा हात लुळा पडला. साऱ्या तपासण्या केल्या. शिरा ठीक, मान ठीक, मेंदू ठीक. मी काय म्हणाले? "नाटकं आहेत, काम चुकवायची." हो, मीच म्हणाले. एकदा तर बोलता बोलता तिच्या त्या हाताला चिमटा काढला, चांगला पिळून. ती आपली वांग्यांच्या भावाचंच बोलत राहिली. बाप रे! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

मग अमरावतीला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊ लागलो. त्या म्हणाल्या, हात धडधाकट आहे, आणि तो हलत नाही हेही खरंच आहे. दुःख असं अंगात उतरतं म्हणे. सोबत मीच जायची. लोक म्हणायचे, नणंद असावी तर अशी.

एक दिवस बाई म्हणाल्या, बाबा समोर बसलेत असं समजा आणि बोला. सुनंदा म्हणाली, "बाबा, फोन मीनंच उचलाले पायजे होता जी. मीनं तुमचा निरोप आयकला असता. हात हळदीचे होते म्हनून नाही उचलला. ह्याच हातानं नाही उचलला."

आणि रडली. काय रडली, माय! मी पाहतच होते — शपथेवर सांगते, तिची बोटं हलली. आधी अंगठा, मग बाकीची. औषध नाही, सुई नाही, मनातलं ओठावर आलं फक्त. आपलं शरीर असं असतं? एवढं ऐकतं ते मनाचं? माझे हात आपोआप जोडले गेले. कोणाला, माहीत नाही. आणि मग कळलं, इतके महिने हा हात माझं पाप भोगत होता. निरोप पोचला होता. माझ्या कानात पोचला होता.

माझेही डोळे वाहू लागले. तिनं तो हात कसाबसा उचलला आणि माझं तोंड पुसलं. "तुमी काहून रडता ताई? तुमचा काय दोष?"

मी मान हलवली. म्हणजे — नाही, माझा काही दोष नाही, अशी.